लघवी निसटते तेव्हा: शरीरात काय बसवता येतं, कुणाला आणि कशासाठी

खोकला आला, शिंक आली, लहान मूल कडेवर घेतलं की कपडे ओले होतात, अशी एकीची तक्रार असते. दुसरीला खोकल्याने काही होत नाही, पण लघवीची भावना झाली की बाथरूम गाठेपर्यंत धीर निघत नाही, वाटेतच सुटते. दोघीही डॉक्टरांना एकच वाक्य सांगतात, 'लघवी थांबत नाही.' आणि घरी येऊन दोघीही एकच गोष्ट शोधत बसतात: यावर सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण दोघींचं बिघडलंय वेगवेगळं. पहिलीच्या बाबतीत मूत्रमार्ग बंद ठेवणारी यंत्रणा दुबळी झाली आहे. पोटात दाब वाढला की ती तो दाब पेलू शकत नाही. दुसरीची ती यंत्रणा ठणठणीत असेलही, पण मूत्राशय नको त्या वेळी आवळतं. डॉक्टरांच्या कागदावर पहिलीपुढे 'स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स' लिहिलेलं असतं, दुसरीपुढे 'अर्ज इन्कॉन्टिनन्स'. मी इथे त्यांना दाबाची गळती आणि घाईची गळती म्हणतो. दाबाच्या गळतीसाठी, मूत्रमार्गाला खालून आधार द्यायला बनवलेली पट्टी घाईची गळती असलेल्या बाईला बसवली तर गळती जात नाहीच, उलट घाई वाढू शकते. म्हणून शरीरात काही बसवून घ्यायचा विचार करणाऱ्याने आधी आपली गळती कोणत्या जातीची आहे ते पक्कं करून घ्यावं. बाकी सगळं त्यानंतर.

ते पक्कं करायला फार मोठी यंत्रं लागतातच असं नाही. तीन दिवसांची एक वही पुरेशी बोलकी असते: किती वाजता किती प्यायलो, किती वाजता किती लघवी झाली, गळती झाली तेव्हा काय करत होतो. मूत्राशय भरलेलं असताना डॉक्टर खोकायला सांगतात आणि खोकल्याच्या क्षणीच थेंब बाहेर येतो का ते डोळ्यांनी बघतात. गळती किती आहे हे मोजायचं असेल तर चोवीस तासांत वापरलेले पॅड साठवून वजन करतात आणि त्यातून कोरड्या पॅडचं वजन वजा करतात. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. लघवी करून झाल्यावर आत किती उरते हे सोनोग्राफीत दिसतं. ते बघणं महत्त्वाचं आहे, कारण काहींचं मूत्राशय नीट रिकामंच होत नाही आणि काठोकाठ भरून थेंब थेंब सांडत राहतं. अशा माणसाचा मूत्रमार्ग आणखी आवळला तर मूत्रपिंडांवर संकट येऊ शकतं. चित्र धूसर असेल, आधी ऑपरेशन झालेलं असेल किंवा मज्जातंतूंचा आजार असेल तर युरोडायनॅमिक तपासणी करतात. तिच्यात बारीक नळीतून मूत्राशय हळूहळू भरत आतला दाब मोजला जातो.

दोन्ही प्रकार एकत्र असणारेही पुष्कळ असतात. तेव्हा कोणता त्रास जास्त छळतो त्यावर आधी इलाज करतात.

ऑपरेशनच्या आधीची पायरी म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. हा व्यायाम सांगितला की बहुतेकांना वाटतं, डॉक्टरांनी बोळवण केली. तसं नाही. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनुसार दाबाच्या किंवा मिश्र गळतीसाठी किमान तीन महिने, जाणकाराच्या देखरेखीखाली, एका वेळी निदान आठ वेळा स्नायू आवळायचे, असं दिवसातून तीनदा करायचं असतं. देखरेख हा त्यातला कळीचा शब्द. कागदावर चित्र बघून व्यायाम करणाऱ्या कित्येक बायका आवळण्याऐवजी खाली जोर देत असतात, आणि त्याने नुकसानच होतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढलेल्या पुरुषांमध्ये गळती पहिल्या काही महिन्यांत आपोआप कमी होत जाते, त्यामुळे त्यांना साधारण सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. त्यानंतरही पॅडशिवाय दिवस निघत नसेल, तर बसवायच्या साधनांचा विषय निघतो.

बायकांसाठीची पट्टी

मूत्रमार्ग बंद राहतो तो फक्त स्वतःच्या स्नायूंच्या बळावर नाही. बायकांमध्ये तो योनीच्या पुढच्या भिंतीवर टेकलेला असतो. कडक जमिनीवर पडलेल्या पाण्याच्या पाइपवर पाय दिला तर पाणी थांबतं, पण तोच पाइप चिखलात असेल तर पाय दिला तरी पाइप खाली रुतत जातो आणि पाणी वाहत राहतं. खोकल्याचा दाब मूत्राशयावर येतो तसाच तो मूत्रमार्गावरही वरून येतो. खालचा आधार घट्ट असेल तर त्याच दाबाने मूत्रमार्ग चेपून बंद होतो. बाळंतपणं, वय, वजन, जुनाट खोकला यांनी तो आधार सैल पडला की गळती सुरू होते.

1990 च्या दशकात स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी हा आधार परत उभा करण्याची एक सोपी रीत बसवली. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या धाग्याने विणलेली, साधारण एक सेंटीमीटर रुंदीची जाळीदार पट्टी योनीतल्या छोट्या छेदातून मूत्रमार्गाच्या मध्यभागाखाली सरकवायची आणि तिची दोन टोकं जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, मागून वर ओटीपोटाकडे न्यायची. पट्टी ताणायची नाही, हे यातलं सगळ्यात मोठं पथ्य. एरवी ती नुसती खाली पडून असते; खोकला आला की मूत्रमार्ग तिच्यावर टेकतो आणि मिटतो. ताणून बसवली तर लघवीच अडकते. टाके घालून पट्टी बांधावी लागत नाही, कारण काही आठवड्यांत आजूबाजूचे ऊतक जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि तिला धरून ठेवतात. 2001 मध्ये फ्रान्सच्या इमॅन्युएल डेलॉर्म यांनी पट्टीची टोकं वर नेण्याऐवजी मांड्यांच्या सांध्याजवळून बाजूला काढण्याची रीत मांडली, म्हणजे सुई मूत्राशयाच्या फार जवळून जायला नको.

दोन्ही रीतींचे गुणदोष मोजले गेले आहेत. सगळे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात वरच्या वाटेने पट्टी घालताना मूत्राशयाला भोक पडण्याचं प्रमाण 4.5 टक्के होतं, बाजूच्या वाटेने 0.6 टक्के. मात्र जांघेतलं दुखणं बाजूच्या वाटेत 6.4 टक्के आणि वरच्या वाटेत 1.3 टक्के निघालं. भोक पडलं तर ते बहुधा ऑपरेशन टेबलावरच दुर्बिणीतून दिसतं, सुई काढून पुन्हा घालता येते आणि काही दिवस नळी ठेवली की ते भरून येतं. जांघेतलं दुखणं ऑपरेशननंतर सुरू होतं आणि काहींच्या बाबतीत जाता जात नाही. निवड करताना मी टक्क्यांइतकंच याकडेही बघेन, की झालेली गुंतागुंत सुधारता येण्यासारखी आहे का.

कारण या पट्टीचा इतिहास फक्त यशाचा नाही. ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं, बहुतेकदा त्याच दिवशी घरी, आणि बहुसंख्य बायकांची गळती थांबते किंवा खूप कमी होते. त्यामुळे जगभर लाखो बायकांना पट्टी बसली. त्याच धाग्याची पण बरीच मोठी जाळी अंग बाहेर येण्याच्या त्रासासाठी, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली उतरण्यावर, योनीमार्गातूनच बसवायला सुरुवात झाली. मग तक्रारी येऊ लागल्या. योनीत जाळीची कडा उघडी पडणे, ती मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात घुसणे, संबंधांच्या वेळी असह्य दुखणे, बसता-चालताना कळा येणे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 आणि 2011 मध्ये सावधगिरीच्या सूचना काढल्या आणि एप्रिल 2019 मध्ये अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. गळतीसाठीच्या पट्टीला तो आदेश लागू नव्हता. इंग्लंडमध्ये मात्र जुलै 2018 मध्ये गळतीच्या पट्टीवरही स्थगिती आली. स्कॉटलंडने 2014 मध्येच तसं पाऊल उचललं होतं. न्यूझीलंडने 2023 मध्ये उचललं.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? एक कारण परवानगीच्या पद्धतीत आहे. नवं साधन बाजारात आधीपासून असलेल्या साधनासारखंच आहे असं दाखवलं, की अमेरिकेत त्याला मोठ्या चाचण्यांशिवाय परवानगी मिळू शके. आज माहीत असलेल्या पट्टीला 1998 मध्ये ज्या जुन्या पट्टीचा दाखला देऊन परवानगी मिळाली, ती जुनी पट्टी पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, तक्रारींमुळे बाजारातून परत घेतली गेली. दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. इंग्लंडमध्ये ज्युलिया कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने शेकडो बायकांचं ऐकून घेतलं आणि जुलै 2020 मध्ये अहवाल दिला. त्यात पुन्हा पुन्हा हेच येतं की बायका दुखतंय म्हणून सांगत होत्या आणि त्यांना सांगितलं जात होतं की हे वयाचं आहे, मनाचं आहे, बायकांना असं होतंच. दुखणं नोंदवलं गेलं नाही, म्हणून आकड्यांत आलं नाही. आकड्यांत आलं नाही, म्हणून पुढच्या बाईला सांगितलं गेलं नाही.

याच देशातल्या 95057 बायकांच्या रुग्णालयीन नोंदी तपासून 2018 मध्ये निघालेला आकडा असा: पट्टी बसवल्यानंतर 9 वर्षांच्या आत 3.3 टक्के बायकांची पट्टी पूर्ण किंवा थोडी काढावी लागली. म्हणजे शंभरातल्या साधारण सत्त्याण्णव जणींना काढण्याची वेळ आली नाही. ही गोष्ट खरी आहे, आणि पट्टीचं नाव काढताच घाबरून वर्षानुवर्षं ओल्या कपड्यांत राहणाऱ्या बाईला ती माहीत असायला हवी. पण हा आकडा काढण्याचा आहे, दुखण्याचा नाही. दुखत असूनही पट्टी न काढलेल्या बायका त्यात येत नाहीत. शिवाय काढणं हे बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. जे ऊतक छिद्रांतून वाढून पट्टीला धरून ठेवतं, त्यालाच आता कापत जावं लागतं. काढल्यावर गळती परत येऊ शकते आणि दुखणं जाईलच याची खात्री नसते. म्हणून इंग्लंडमध्ये या कामासाठी वेगळी केंद्रं उभारली गेली.

पट्टी नको असेल तर दाबाच्या गळतीसाठी इतर वाटा आहेत आणि त्या सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. रुग्णाच्याच पोटाच्या भिंतीतला किंवा मांडीतला चिवट पडदा, ज्याला फॅशिया म्हणतात, त्याची पट्टी कापून मूत्रमार्गाखाली घालता येते. शरीरात परकं काही राहत नाही, पण ऑपरेशन मोठं आणि लघवी अडखळण्याचं प्रमाण जास्त. दुसरी 1961 पासूनची बर्च यांची पद्धत: योनीच्या भिंतीला टाके घालून मूत्राशयाचं तोंड वर उचलून धरायचं. 2007 मध्ये 655 बायकांवर या दोन्हींची तुलना झाली. दोन वर्षांनी दाबाची गळती थांबण्याचं प्रमाण फॅशियाच्या पट्टीने 66 टक्के आणि बर्चच्या पद्धतीने 49 टक्के होतं. मात्र मूत्रसंसर्ग, लघवीला अडचण आणि घाईची गळती पट्टीवाल्यांमध्ये जास्त.

तिसरी वाट सगळ्यात हलकी. मूत्रमार्गाच्या भिंतीत दुर्बिणीतून जेलची इंजेक्शनं द्यायची, म्हणजे भिंत आतून फुगते आणि पोकळी मिटते. पूर्वी टेफ्लॉन वापरत, पण त्याचे कण शरीरात दुसरीकडे सरकत असल्याचं दिसल्यावर ते मागे पडलं. गाईच्या कोलॅजेनचाही जमाना होऊन गेला. आता पॉलिॲक्रिलामाइडचं पाणीदार जेल, सिलिकॉनचे कण, कॅल्शियमचे कण वापरतात. गुण पट्टीपेक्षा कमी येतो आणि इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागू शकतं. तरी म्हातारपणी, मोठी भूल झेपत नसताना, किंवा अजून मूल हवं असताना मला हा पर्याय विचारात घेण्यासारखा वाटतो.

पुरुषांसाठीचा कृत्रिम स्फिंक्टर

पुरुषांची दाबाची गळती बहुतेकदा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर येते. स्फिंक्टर म्हणजे मूत्रमार्ग आवळून बंद ठेवणारा गोल स्नायू. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला आतला स्फिंक्टर ग्रंथीबरोबर जातो आणि सगळा भार खालच्या बाहेरच्या स्फिंक्टरवर पडतो. तो पुरेसा पडला नाही तर उभं राहताना, चालताना, संध्याकाळी थकल्यावर लघवी गळत राहते.

1972 मध्ये ह्यूस्टनमधले ब्रँटली स्कॉट यांनी यावर जे साधन पहिल्यांदा बसवलं, त्याची सुधारलेली आवृत्ती एएमएस 800 या नावाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. इतक्या वर्षांनीही जास्त गळतीसाठी डॉक्टर आधी त्याचंच नाव घेतात. त्यात बॅटरी नाही, वायर नाही. फक्त सिलिकॉनचे तीन भाग, त्यांना जोडणाऱ्या नळ्या आणि आत थोडं द्रव. पहिला भाग मूत्रमार्गाभोवती गुंडाळलेला पट्टा. दुसरा ओटीपोटात ठेवलेला छोटा फुगा. तिसरा अंडकोषाच्या पिशवीत, कातडीखाली, बोटांना लागेल असा पंप.

फुगा द्रवाने भरलेला असतो आणि तो सतत ठरावीक दाब देत राहतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या फुग्याचा दाब 61 ते 70 सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्या दाबाने पट्टा भरलेला राहतो आणि मूत्रमार्ग हलकेच मिटलेला. लघवी करायची झाली की माणूस बाथरूममध्ये जातो, दोन बोटांनी पिशवीतला पंप चाचपून धरतो आणि दाबतो. पहिल्या दाबाला पट्ट्यातलं द्रव पंपातून फुग्याकडे जायला लागतं. दोन-तीनदा दाबलं की पंप चपटा राहतो, पुन्हा फुगत नाही. याचा अर्थ पट्टा रिकामा झाला. आता मूत्रमार्ग मोकळा. माणूस निवांत लघवी करतो. त्याला परत काही दाबावं लागत नाही. पंपाच्या वरच्या कडक भागात एक अरुंद वाट ठेवलेली असते, तिच्यातून द्रव सावकाश परत येतं आणि दोनेक ते पाच मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा भरतो.

ऑपरेशन झाल्या झाल्या हे सुरू करत नाहीत. पंपाच्या कडक भागावर एक छोटं बटण असतं. पट्टा रिकामा असताना ते दाबलं की द्रवाची वाट बंद होते आणि पट्टा उघडाच राहतो. जखमा भरेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, साधन असंच बंद ठेवतात. त्या काळात गळती पूर्वीसारखीच चालू राहते आणि हे आधी नीट सांगितलं नसेल तर माणूस हबकतो, ऑपरेशन फसलं म्हणून. मग तपासणीच्या दिवशी पंप जोरात दाबून ते सुरू करतात आणि रुग्णाकडून तिथल्या तिथे दोन-चार वेळा करवून घेतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. हे साधन चालवायला हात धड हवेत. बोटांत संधिवात असेल, हात फार थरथरत असतील, विसरभोळेपणा वाढत असेल, तर पंप शोधून दाबणं जमेल का हे ऑपरेशनच्या आधी बघायला हवं. नमुन्याचा पंप हातात देऊन दाबायला लावणं हा त्याचा साधा उपाय आहे. डॉक्टरांनी तो स्वतःहून दिला नाही तर मागावा. आज पासष्टीचा असलेला माणूस ऐंशीचा होईल तेव्हाही हा पंप त्यालाच दाबायचा आहे, किंवा त्याच्यासाठी कुणाला तरी.

धोके तीन प्रकारचे. जंतुसंसर्ग झाला तर बहुधा सगळं साधन काढावं लागतं. पट्ट्याखालच्या मूत्रमार्गाची भिंत सततच्या दाबाने पातळ होते आणि क्वचित पट्टा आत घुसतो. पूर्वी तिथे किरणोपचार झाले असतील तर ही भीती जास्त. आणि द्रव गळणे, नळी दुमडणे असा यांत्रिक बिघाड. 2013 मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून काढलेल्या आकड्यांत साधारण चौघांतल्या एकाला पुन्हा ऑपरेशन लागलं होतं. संसर्ग किंवा आत घुसण्याचं प्रमाण 8.5 टक्के, यांत्रिक बिघाडाचं 6.2 टक्के. तरीही पुन्हा ऑपरेशन झालेल्यांपैकीही पुष्कळ जण समाधानी असतात. दिवसाला पाच-सहा पॅड बदलणाऱ्या माणसाला एका छोट्या पॅडवर दिवस काढता येणं म्हणजे काय, हे त्यालाच कळतं.

गळती कमी किंवा मध्यम असेल तर पुरुषांसाठीही पट्टी आहे. ती मूत्रमार्गाचा मागचा भाग थोडा वर आणि मागे सरकवते, म्हणजे उरलेल्या स्फिंक्टरला चांगली पकड मिळते. दाबायचं काही नसतं. मूत्राशयाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना ठेवून बाहेरून कमी-जास्त फुगवता येणारे फुगेही मिळतात. ब्रिटनमध्ये 380 पुरुषांवर पट्टी आणि कृत्रिम स्फिंक्टर यांची थेट तुलना झाली आणि 2021 मध्ये निकाल आला. वर्षभराने पट्टीवाल्यांपैकी 87 टक्क्यांना आणि स्फिंक्टरवाल्यांपैकी 84 टक्क्यांना थोडीतरी गळती होतीच. हे वाचून कुणाचाही धीर सुटेल, म्हणून सांगतो: त्या अभ्यासात एखाद्या वेळी निसटलेला थेंबसुद्धा गळती म्हणून मोजला होता. प्रत्यक्ष त्रास दोन्ही गटांत खूप कमी झाला होता, समाधान स्फिंक्टरवाल्यांत जास्त होतं. ऑपरेशनला जाताना मनात धरायची अपेक्षा यातून ठरते. पूर्ण कोरडं राहण्याचं वचन कुणी देत असेल तर त्याला आणखी चार प्रश्न विचारावेत.

मज्जातंतूंना हलका इशारा देणारी साधनं

आता घाईची गळती. इथे आधार देऊन किंवा आवळून उपयोग नाही. मूत्राशय आणि मेंदू यांच्यातली देवाणघेवाण सुधारावी लागते. आधी सवयी, व्यायाम आणि गोळ्या. त्यांनी भागलं नाही तर मूत्राशयाच्या स्नायूत तो सैल करणाऱ्या बोटॉक्सची इंजेक्शनं, किंवा मज्जातंतूला सौम्य विद्युत स्पंदनं देणारं साधन.

सॅन फ्रान्सिस्कोमधले एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट यांच्या संशोधनातून ही रीत पुढे आली आणि अमेरिकेत 1997 मध्ये तिला घाईच्या गळतीसाठी मान्यता मिळाली. कंबरेखाली, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीत मज्जातंतू बाहेर पडण्यासाठी छिद्रं असतात. त्यांतल्या तिसऱ्या छिद्रातून बारीक तार मज्जातंतूच्या शेजारी ठेवतात आणि नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली स्पंदनं देणारी डबी बसवतात.

तार बरोबर जागी बसली का, हे ओळखण्याची खूण मोठी मजेशीर आहे. डॉक्टर थोडासा प्रवाह सोडतात आणि रुग्णाच्या पायाकडे बघतात. मज्जातंतू बरोबर असेल तर पायाचा अंगठा खाली वाकतो आणि गुदद्वाराभोवतीचे स्नायू आत ओढले जातात.

या साधनाची मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे ते आधी वापरून बघता येतं. पहिल्या टप्प्यात फक्त तार घालतात आणि डबी बाहेर कंबरेच्या पट्ट्याला लावतात. काही दिवस ते दोन-तीन आठवडे रुग्ण तसाच घरी राहतो, वहीत नोंदी करतो. त्रास निदान निम्म्याने कमी झाला तरच डबी आत बसवतात, नाहीतर तार काढून टाकतात. बाकीच्या कुठल्याच साधनात अशी सोय नाही. पुढे संसर्ग, तार सरकणे, डबीच्या जागी दुखणे, बॅटरी संपल्यावर पुन्हा छोटं ऑपरेशन या अडचणी येऊ शकतात. जुन्या डब्या तीन ते पाच वर्षं चालत, आता चार्ज करता येणाऱ्या आणि दहा-पंधरा वर्षं टिकतील अशा बनवलेल्या डब्या आहेत. 2016 मध्ये आलेल्या एका तुलनेत बोटॉक्सने घाईच्या गळतीचे प्रसंग दिवसाला सरासरी 3.9 ने आणि या साधनाने 3.3 ने कमी झाले, पण बोटॉक्सवाल्यांमध्ये मूत्रसंसर्ग 35 टक्के, साधनवाल्यांमध्ये 11 टक्के. गुणातला फरक इतका थोडा आहे की दर काही महिन्यांनी इंजेक्शन हवं की अंगात डबी, हे ज्याचं त्याने ठरवण्यासारखं आहे.

घोट्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूतूनही तोच परिणाम साधता येतो, म्हणून घोट्याजवळ कातडीखाली बसवायची नाण्याएवढी साधनंही आली आहेत. अमेरिकेत त्यांतल्या एकाला 2022 मध्ये आणि दुसऱ्याला 2023 मध्ये मान्यता मिळाली. पहिल्यात बॅटरी आत असते. दुसऱ्यात ती नसतेच, घोट्याभोवती पट्टा बांधला की त्यातून शक्ती मिळते.

त्रिकास्थीतल्या तारेचा उपयोग शौचावरचा ताबा गेलेल्यांनाही होतो. जर्मनीतले क्लाउस मात्झेल आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये तो पहिल्यांदा दाखवला आणि अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. लघवीबद्दल लोक कसंबसं बोलतात, शौचाबद्दल तर डॉक्टरांपुढेही तोंड उघडत नाहीत. गुदद्वाराभोवती बसवायचा कृत्रिम स्फिंक्टर आणि चुंबकी मण्यांची माळ हे प्रयोगही झाले, पण ती साधनं बाजारातून गेली.

बसवून घेण्याआधी आणि नंतर

हे कुठलंच ऑपरेशन तातडीचं नसतं. आज नाही केलं तर जीव जाणार नाही, म्हणून विचारायला वेळ असतो आणि तो घ्यावा. तुम्ही वर्षाला अशी किती करता, त्यांतली किती पुन्हा उघडावी लागली, काढायची वेळ आली तर ते तुम्ही करता की दुसरीकडे पाठवता, असं सरळ विचारावं. चांगला सर्जन यावर रागावत नाही. पट्टीच्या बाबतीत काढण्याचा प्रश्न सगळ्यात आधी विचारण्यासारखा आहे. नंतर दुखलं तर 'सवय होईल' या उत्तरावर परत येऊ नये. कुठे, कधी, कशाने दुखतं हे लिहून न्यावं आणि ते केसपेपरवर लिहायला लावावं.

साधनाचं नाव, मॉडेल आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड मिळतं, ते पाकिटात ठेवावं आणि त्याचा फोटो घरातल्या एकाच्या तरी फोनमध्ये असावा. मज्जातंतूचं साधन असेल तर एमआरआय करण्याआधी ते दाखवावं लागतं, कारण कोणत्या मॉडेलला तो कोणत्या अटींवर चालतो हे वेगवेगळं असतं. कृत्रिम स्फिंक्टर असलेल्या पुरुषाच्या बाबतीत तर घरच्यांना एक गोष्ट पाठ असायला हवी. कधी दुसऱ्याच आजारासाठी, हृदयाच्या किंवा हाडाच्या ऑपरेशनसाठी तो दवाखान्यात असेल, बेशुद्ध असेल, आणि लघवीसाठी नळी घालायची वेळ येईल. त्या आधी पट्टा रिकामा करून बटण दाबून साधन बंद करावं लागतं. मिटलेल्या पट्ट्यातून नळी रेटली, किंवा पट्टा भरलेला असताना ती आत राहिली, तर मूत्रमार्गाला इजा होते आणि साधन गमवावं लागू शकतं. बाहेरून काहीच दिसत नसल्याने नर्सला ते कळायला मार्ग नसतो. तिला आधीच सांगायचं, आणि युरोलॉजिस्टला, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांना, बोलावल्याशिवाय नळी घालू द्यायची नाही.